वरची ओळ

बोट घसरलं. आधी इतकंच कळलं. सवयीनं माझा हात कीबोर्डवर वर सरकला, आकड्यांची ओळ ओलांडून पुढं गेला, आणि जिथं बटणांची आणखी एक ओळ असायला हवी होती तिथं काचेची गुळगुळीत पट्टी लागली. थंड आणि सपाट. मी करंगळी पार डाव्या कोपऱ्यापर्यंत नेली. कोपऱ्यातलं बटणही नव्हतं.

"कसा वाटतोय?" मागून दादानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका मोठ्या दुकानात आम्ही तिघं उभे होतो. मी, म्हणजे घरच्यांची पदू, माझा मोठा भाऊ भरतेश, आणि त्रिशला वहिनी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. अकराव्या वर्षी मेंदूच्या तापात माझी नजर गेली, त्यालाही अठरा वर्षं होऊन गेली होती. मिरजेतल्या डॉक्टर मंजिरी केळुसकरांचं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर होतं. त्या रिपोर्ट तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करायच्या आणि मी घरी बसून ऐकत ऐकत टाइप करून द्यायची. दोन वर्षं हे काम मी अर्धवेळ केलं होतं. आता त्यांच्याकडचे जुने टायपिस्ट निवृत्त होणार होते आणि येत्या सोमवारपासून ती जागा मला मिळणार होती. पूर्ण वेळेची, सेंटरमध्ये बसून करायची नोकरी. माझी आयुष्यातली पहिली.

अडचण लॅपटॉपची होती. माझा जुना लॅपटॉप मनात येईल तेव्हा बंद पडायचा, आणि त्याचा पंखा तर इतका घरघरायचा की वहिनी त्याला पिठाची गिरणी म्हणायची. नोकरीचं कळल्या दिवशीच दादानं जाहीर केलं, की नवा लॅपटॉप त्याच्याकडून. दादाचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. कॉम्प्युटरमधलं त्याला फारसं कळत नाही, पण त्यानं चार ठिकाणी विचारून माझ्याच लॅपटॉपच्या कंपनीचं, त्याच नावाचं, पण त्या महिन्यात नव्यानं आलेलं मॉडेल ठरवलं. वजनाला हलकं, वेगाला दुप्पट. आणि वर ती काचेची पट्टी, जिच्यावर कामाप्रमाणे बटणांची चित्रं बदलतात.

चित्रं मला काय उपयोगाची? माझं सगळं काम त्या वरच्या ओळीवर चालायचं. सातवं बटण दाबलं की डॉक्टरांचा आवाज तीन सेकंद मागं, आठवं दाबलं की थांबायचा, नववं दाबलं की पुढं. आठव्यावर मी वहिनीची एक टिकली चिकटवून ठेवली होती, म्हणजे बोटाला जागा चटकन सापडते. टाइप करताना हात न उचलता हे चालायचं, श्वास घेतल्यासारखं.

विक्रेते होते इम्तियाज जमादार नावाचे, चाळिशीतले गृहस्थ. त्यांनी मला पट्टी कशी वापरायची ते दाखवलं. काचेवर बोट ठेवायचं, मग बोटाखाली कोणतं बटण आहे ते लॅपटॉप बोलून सांगणार, मग दोनदा टकटक करायची. बोलता बोलता त्यांनी असंही सांगितलं, की गेल्या वर्षीचा एक नग अजून दुकानात पडून आहे, त्याला नेहमीची बटणं आहेत, हवा तर दाखवतो. दादानं त्यांना मध्येच थांबवलं. बहिणीला जुना माल घ्यायला आपण आलेलो नाही, तो म्हणाला. समोरचा नग दाखवण्यापुरता होता, नवा पेटीबंद शुक्रवारी येणार होता. दादानं बुकिंग करून टाकलं.

घरी येताना गाडीत तो आनंदात होता. वहिनीला सांगत होता, की बघ, पदू पहिल्या दिवशी हा घेऊन आत शिरली की सेंटरमधली माणसं बघत राहतील. मी हो हो करत होते. आणि मांडीवर, ओढणीच्या आत, माझं बोट सातव्या बटणाची जागा शोधत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर स्वतःची समजूत घातली. सवयीचा प्रश्न आहे. माणूस आंधळेपणाला सरावतो, काचेच्या पट्टीला सरावणार नाही? पण सोमवार पाच दिवसांवर आला होता.

गुरुवारी दादा दुकानात गेल्यावर मी आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्या शिंदेमामांना फोन केला आणि एकटी सांगलीला गेले. वहिनीला सांगितलं, की मैत्रिणीकडे चालले आहे. हेही खोटंच.

इम्तियाजभाईंनी मला ओळखलं. मी त्यांना म्हटलं, मला एक टेबल, खुर्ची आणि अर्धा तास द्या. माझ्याकडे जुन्या, कधीच देऊन झालेल्या रिपोर्टांची ध्वनिमुद्रणं होती, पेशंटचं नाव नसलेली. मी नव्या लॅपटॉपवर एक रिपोर्ट टाइप करायला बसले. डॉक्टर बोलायला लागल्या. एका शब्दाशी मी अडखळले, मागं जायला बोट काचेवर नेलं. लॅपटॉप बोलला, "पुढे." बोट सरकवलं. "थांबा." आणखी सरकवलं. "मागे." मी दोनदा टकटक केली, ती एकदाच लागली. या सगळ्या बोलण्याखाली डॉक्टरांचा आवाज चालूच होता. कसाबसा रिपोर्ट पुरा केला आणि इम्तियाजभाईंना म्हटलं, जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं. दुसऱ्याच ओळीला मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर दिसते आहे, असा त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होता.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, "नो फ्रॅक्चर." तो "नो" लॅपटॉपच्या बोलण्याखाली बुडून गेला होता.

इम्तियाजभाईंना मी समजावून सांगितलं, की हा नऊ वर्षांच्या मुलीचा हात आहे. डॉक्टर सही करण्याआधी वाचतात हे खरं, पण दिवसाला साठ रिपोर्ट असतात, आणि त्या माझ्या भरवशावरच भरभर वाचतात. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. उठून आत गेले आणि गेल्या वर्षीचा नग घेऊन आले. मी झाकण उघडलं, हात वर नेला. बटणं होती. बारीक, कडक, एकेक वेगळं. दुसरा रिपोर्ट मी त्याच्यावर नऊ मिनिटांत टाइप केला. त्यांनी वाचून दाखवला. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"ताई, दुकानाच्या दृष्टीनं मी नवाच विकायला पाहिजे," ते म्हणाले. "पण तुम्ही हाच घ्या. दादांना सांगा सरळ."

तिथंच सगळं अडत होतं. दादाला "नको" म्हणायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. मी त्याला आजवर कधी म्हटलंच नव्हतं. म्हणून मी इम्तियाजभाईंना एक गळ घातली. उद्या आम्ही आलो की सांगा, नवा माल आला नाही, महिनाभर येणारही नाही. मग मी म्हणेन, ठीक आहे, आहे तो घेऊ. त्यांना ते पटलं नव्हतं, त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण शेवटी हो म्हणाले. परतताना रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं, की शिंदेमामांशी मी वाटभर गप्पा मारल्या.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं पुन्हा दुकानात. इम्तियाजभाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. मी माझं वाक्य बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादाचा आवाज चढला. बुकिंग घेताना शुक्रवार सांगता आणि आता महिना म्हणता, हे कसलं दुकान चालवता तुम्ही? इम्तियाजभाई शांतपणे ऐकून घेत होते. चूक आमची आहे साहेब, असंही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं तिथूनच पुण्याला आमच्या चुलतभावाला फोन लावला. तिकडच्या दुकानात ते मॉडेल होतं. दादानं त्याला बाजूला काढून ठेवायला सांगितलं आणि फोन ठेवून वहिनीला म्हणाला, मी आत्ता असाच एसटी पकडतो, उद्या रात्रीपर्यंत घेऊन परत येतो, सोमवारच्या आत पदूच्या हातात पाहिजे.

त्याची कंबर तेव्हा महिनाभर दुखत होती. दुकानात खाली बसून मोटार उघडणंही त्यानं बंद केलं होतं.

"दादा," मी म्हटलं. "तो नको."

"महाग आहे म्हणून म्हणतीस काय? ते तू बघू नकोस."

"तसं नाही. मला तो वापरता येत नाही. माल आलेला आहे. मीच काल एकटी इथं येऊन यांना खोटं सांगायला लावलं. यांच्यावर चिडू नकोस."

दादाच्या हातात नेहमी गाडीच्या किल्ल्या असतात, त्या तो वाजवत असतो. त्यावरूनच तो कुठं उभा आहे ते मला कळतं. किल्ल्या थांबल्या.

"माझ्याशी खोटं बोलायला तू परक्या माणसाला सांगितलंस?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग त्याच्या चपलांचा आवाज दाराकडे गेला, आणि दार लागलं.

मी काउंटरला धरून उभी राहिले. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ती रागावली असेल असं मला वाटत होतं. पण ती एवढंच म्हणाली, की बाहेर पायरीवर बसलेत ते, जा तूच. मी येत नाही.

मी दार ढकलून बाहेर गेले. तीनचा सुमार असेल, ऊन पायऱ्यांवर होतं. चाचपडत त्याच्या शेजारी बसले. वरच्या ओळीचं, त्या "नो"चं, नऊ वर्षांच्या मुलीचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, मग मंगळवारी बोट लावल्या लावल्या छान का म्हणालीस?

"मी नेहमीच म्हणते."

"नेहमी म्हणजे?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"पदू, नेहमी म्हणजे काय? तो तानपुरा?"

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मी तेरा वर्षांची असताना मिरजेतल्या वाद्यांच्या गल्लीतून माझ्यासाठी तानपुरा आणला होता. ज्याची नजर जाते त्याच्या गळ्यात सूर येतो, अशी त्यांची आपली समजूत. मी नऊ वर्षं गाणं शिकले. माझ्या बाईंची बंगळूरला बदली झाली, तेव्हा निरोप घेताना आम्हा दोघींनाही सुटल्यासारखं झालं होतं.

"तानपुरा तर नव्हताच आवडला," मी म्हटलं. मग बांध फुटल्यासारखं मी एकेक सांगत गेले. त्यानं आणलेलं बोलतं घड्याळ, जे दर तासाला आमच्या जैन मंदिरातसुद्धा ओरडायचं. वासाच्या उदबत्त्या, ज्यांनी माझं डोकं चढायचं. मालिशची खुर्ची, जिच्यात बसलं की पाठ आणखी दुखायची. दादाच्या श्वासावरून कळत होतं की त्याला लागतं आहे, पण मला थांबता येईना.

"एकदा तरी नको म्हणायचंस," तो म्हणाला.

"एकदा म्हटलं होतं." आणि मी त्याला ते सांगितलं, जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या हॉस्पिटलमधून तीन महिन्यांनी मला घरी आणलं होतं. आप्पांनी माझ्यासाठी बोलणारी बाहुली आणली. मी तिला हात लावला आणि नको म्हणून भिरकावली. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी अंथरुणात पडून आईचं बोलणं ऐकत होते, ती कुणाला तरी सांगत होती, की ते आजही जेवणार नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहुली मागून घेतली आणि आप्पांना म्हटलं, छान आहे. त्या दुपारी आप्पा जेवले. तेव्हापासून मी सगळ्यालाच छान म्हणत आले.

दादानं किल्ल्या पायरीवर ठेवल्या. मग त्याचा आवाज आला, जरासा चमत्कारिक.

"पदू, ती अनंत चतुर्दशी होती."

मला कळलं नाही.

"दशलक्षण पर्व संपत आलं होतं. आप्पा दरवर्षी शेवटचे दोन दिवस निरंकार उपवास करायचे. तू हॉस्पिटलमधून आलीस, तुला वार-तिथी कुठली माहीत? मी सोळा वर्षांचा होतो, मंदिरात त्यांच्याबरोबर मीच जात होतो. तिसऱ्या दिवशी पारणं होतं, म्हणून ते जेवले." तो थांबला. "बाहुलीचं त्यांनी मनालाही लावून घेतलं नव्हतं. मला म्हणाले होते, पोरीत जोर आहे अजून, फेकून मारली."

मी बसल्या जागी हसायला लागले. हसता हसता रडू आलं, मग पुन्हा हसू. येणारी जाणारी माणसं बघत असतील, बघू देत. अठरा वर्षं मी एका उपवासाचं ओझं वाहत होते.

दादा हसत नव्हता. तो जमिनीकडे बघून बोलत असावा, आवाज खालून येत होता.

"तुझ्यासाठी काही आणायचं म्हटलं की मी दुकानात तासभर नुसताच उभा राहायचो. तुला आवडलं की नाही हे कधी कळायचंच नाही. पाच रुपयांचा कंगवा आणला तरी छान, आणि ती खुर्ची आणली तरी छान, एकाच आवाजात. मग मला वाटायचं, अजून मोठं काहीतरी आणलं पाहिजे. एक दिवस तरी तू खरं बोलशील." त्यानं नाक ओढलं. "आज बोललीस बघ. बरं वाटलं. राग आलाय, पण बरं वाटलं."

आम्ही आत गेलो तेव्हा वहिनी इम्तियाजभाईंशी त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलत बसली होती. दादानं आधी त्यांची माफी मागितली, मग पुण्याला फोन करून तिकडचं रद्द केलं. गेल्या वर्षीचा नग मागवला आणि मला म्हणाला, बस, टाइप कर. मी टाइप केलं. तो पाव तास शेजारी उभा राहून ऐकत होता, आणि किल्ल्या वाजत नव्हत्या.

"आवाजावरूनच कळतंय," शेवटी तो म्हणाला. "तारा नीट गुंडाळलेल्या मोटारीसारखा चालतोय हात. हाच द्या."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं. त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला, म्हणून वहिनीनं गडबडीत ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि दोडक्याची भाजी केली. खिडकीतून शेवटचं ऊन माझ्या हातावर येत होतं. आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनीनं रोजच्यासारखं विचारलं, भाजी कशी झालीय?

मी घास गिळला.

"मीठ कमी आहे, वहिनी. आणि दोडका जरा कच्चा राहिलाय."

दादाचं भाकरी मोडणं थांबलं. वहिनी उठली आणि आत गेली. भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं, झालं, एका दिवसात दोघांना दुखावलं. ती बाहेर आली आणि माझ्या ताटाशेजारी मिठाची बरणी ठेवली.

"सात वर्षं झाली मला या घरात येऊन," ती म्हणाली. "हे सांगणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. तुझा भाऊ तर समोर येईल ते मुकाट खातो. उद्यापासून स्वयंपाक उतरवायच्या आधी चव बघायला तू यायचंस."

मी बरणीत बोटं घातली, चिमूटभर मीठ घेतलं आणि दादाच्या ताटाच्या दिशेनं हात पुढं केला. त्यानं मुकाट्यानं ताट पुढं सरकवलं.